पावसाळा लागल्यापासून अंडी अचानक कमी झाली आहेत; कोंबड्या ठेवाव्यात की विकाव्यात?

परसातली | २ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यातील एका वाड्यावर आमचे जुने घर आहे आणि गेली तीन वर्षे मी घरामागच्या परसात कोंबड्या पाळते आहे. सध्या एकूण चौदा पक्षी आहेत: पाच गावठी कोंबड्या, सहा सुधारित जातीच्या ग्रामप्रिया, एक कोंबडा आणि अजून अंड्यावर न आलेल्या दोन तलंगा. निवृत्तीनंतर हाताला काम असावे आणि नातवाला घरचे अंडे मिळावे एवढाच सुरुवातीचा हेतू होता; पण हिशेब ठेवण्याची सवय नोकरीतून अंगात मुरलेली असल्यामुळे रोजची अंडी मी वहीत लिहिते आणि आता ती वहीच माझी झोप उडवते आहे. मे महिन्यात १९२ अंडी मिळाली, जूनमध्ये ११८, आणि गेल्या आठ दिवसांत मिळून फक्त १७.

खाद्यात मी काहीही बदल केलेला नाही. सकाळी भाताचा कोंडा आणि कणी भिजवून देते, दुपारी त्या परसात आणि शेजारच्या बागायतीत चरतात, संध्याकाळी प्रत्येकीच्या वाट्याला मूठभर लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) येते, आणि सकाळचा पाव उरलाच तर तोही त्यांच्याच पोटात जातो. तिसऱ्यांची कवचे धुऊन, तव्यावर भाजून, पाट्यावर जाडसर ठेचून एका करवंटीत कायम ठेवलेली असतात. खुराड्याला दोन फूट चिऱ्यांचा जोता आहे, त्यावर बांबूचे ताटवे आहेत आणि वर मंगळुरी कौले आहेत. बसायच्या दांड्याही बांबूच्याच आहेत.

सासूबाईंच्या मते दृष्ट लागली आहे. मुलाला धामणीचा संशय आहे. सून म्हणते की श्रावण लागला की कोंबड्यांना गिऱ्हाईक उरत नाही, तेव्हा त्याआधीच शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन मोकळ्या व्हा. त्यात आणखी एक कटकट म्हणजे पाऊस लागल्यापासून यांना संध्याकाळी आत घालणे हे स्वतंत्र कामच होऊन बसले आहे. चार-पाच जणी सरळ चिकूच्या झाडावर चढतात आणि भर पावसात भिजत तिथेच बसून राहतात; मग मी छत्री सांभाळत एकेकीला खाली काढते, डालग्याखाली डालते आणि आत नेऊन सोडते. या वयात हे किती दिवस जमणार, असेही वाटू लागले आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

कुळागरकर | २ जुलै, रात्री १०.०२

ताई, यात घाबरण्यासारखे काही नाही. कोंबडी उजेडावर अंडी घालते. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, दिवस लहान वाटतो आणि त्यामुळे अंडी कमी होतात. खुराड्यात एक बल्ब लावून रात्री नऊपर्यंत पेटता ठेवा. दुसरे म्हणजे गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहते, मग महिना-दीड महिना तिच्याकडून काहीच मिळत नाही. तुमच्या पाचांपैकी किती खुडूक आहेत ते आधी पाहा.

परसातली | २ जुलै, रात्री १०.२०

एक खुडूक आहे, तांबड्या मानेची. अंगाशी हात नेला की पिसे फुलवून गुरगुरते आणि रिकाम्या टोपलीत दिवसभर बसून असते. तिला मी हिशेबातून वगळले आहे. बाकी दहा जणी आहेत.

तेरेखोलकाठ | ३ जुलै, सकाळी ६.४५

अंडी कमी झाली असे म्हणण्याआधी ती तुम्हाला मिळेनाशी झाली आहेत का, हे तपासावे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

आमच्याकडे पेडण्यात दोन वर्षांपूर्वी अगदी असेच झाले होते. ग्रामप्रिया कोंबड्या बिचाऱ्या साध्या असतात. टोपली ठेवली की टोपलीत अंडे घालतात. गावठीचे तसे नाही. खुराड्यातील टोपली ओली झाली, तिच्यात मुंग्या झाल्या किंवा दुसरी कोंबडी तिथे बसलेली दिसली की ती स्वतःची जागा शोधते आणि ती जागा माणसाला सापडू नये याची पूर्ण काळजी घेते. आमची एक कोंबडी अंडे घालून झाल्यावर तिथे कोकलत नसे, तर वीस-पंचवीस पावले चालून विहिरीपाशी येऊन कोकलत असे, आणि आम्ही सगळे विहिरीभोवती शोधत बसायचो. शेवटी नारळाच्या चुडतांच्या (झावळ्यांच्या) राशीखाली १७ अंडी सापडली, त्यातील निम्मी कुजलेली. चूड ओढताना एक फुटले आणि पुढचे दोन दिवस घरातल्या कोणाला अंडे नकोसे झाले होते.

उपाय सोपा आहे. सकाळी खुराडे उघडू नका, अकरापर्यंत सगळ्यांना आत ठेवा. बहुतेकींचे अंडे तोवर घालून होते. मग एकेकीला सोडा, आणि जी दाण्याकडे न वळता घाईने एका दिशेने निघेल तिच्या मागे लांबून जा. जवळ जाऊ नका, तिला कळले तर ती तुम्हाला तासभर फिरवील.

सत्तरीचा_पाऊस | ३ जुलै, सकाळी ८.३०

चिकूच्या झाडावर झोपणाऱ्या कोंबड्यांविषयी लिहितो, कारण त्या झाडावर का चढतात याचा अनुभव मी घेतलेला आहे.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या कोंबड्यांनी आत जायला असाच नकार दिला होता. मला वाटले की कौलांतून गळत असेल. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आतून एकच आवाज आला, तोही अर्धवट तुटलेला. विजेरी घेऊन गेलो तर कोपऱ्यात अजगर. जाळीच्या खालच्या बाजूला चार बोटे फट होती, त्यातून तो आत आला होता आणि कोंबडी गिळल्यावर त्या फटीतून त्याला बाहेर निघता येईना. मधला भाग फुगलेला, डोके जाळीला टेकलेले, आणि उरलेल्या सहा कोंबड्या वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून गप्प बसलेल्या. कोंबड्या इतक्या गप्प बसलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

अजगराला मारू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे. आम्ही वन खात्याला फोन केला आणि सकाळी माणसे येऊन त्याला घेऊन गेली. सांगायचा मुद्दा असा की आधी खुराड्याची खालची कड हाताने चाचपून पाहा. दोन बोटे आत जात असतील तर मुंगूसही जाते, असे समजूनच चालावे.

तीस_अंड्यांचा_ट्रे | ३ जुलै, दुपारी १.१५

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला खरोखर समजत नाही. बेळगावहून रोज गाड्या भरून अंडी येतात. लेअर खाद्याच्या एका पोत्याच्या पैशात वर्षभराची अंडी येतील.

परसातली | ३ जुलै, दुपारी २.००

वर्षभराची येणार नाहीत, मी हिशेब केलेला आहे. बाकी आपला मुद्दा मान्य आहे. पण मी विचारले ते अंडी कुठून आणावीत हे नाही.

सत्तरीचा_पाऊस यांस: खालची कड तपासली. जोत्याच्या चिऱ्यांत फट नाही, दरवाजाखाली बोटभर होती, तिथे आज फळी मारून घेतली. अंड्याची टरफले किंवा सांडलेला बलक कुठेही नाही.

निवृत्त_पशुवैद्य | ३ जुलै, रात्री ८.४०

परसातली ताई, आपला पहिला मजकूर मी दोनदा वाचला. ज्या गोष्टीला आपण केवळ कटकट म्हणून शेवटी जागा दिली, माझ्या मते उत्तर तिथेच आहे. पण त्याआधी उजेडाविषयी एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते.

कोंबडीच्या अंडी घालण्याचा प्रकाशाशी संबंध आहे हे कुळागरकर यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु जून-जुलैमध्ये आपल्याकडे दिवस लहान नसतो. २१ जूनच्या सुमारास गोव्यात दिवस सुमारे १३ तासांचा, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठा असतो, आणि डिसेंबरमध्ये तो ११ तासांच्या थोडा वर येतो. ढगाळ हवेतही उघड्यावर चरणाऱ्या कोंबडीला पुरेसा उजेड मिळतो. दिवस लहान होत जाण्यामुळे पिसे झडणे आणि अंडी थांबणे हे साधारणपणे पावसाळा सरल्यावर दिसते. तेव्हा बल्ब लावून आता फारसे काही हाती लागणार नाही. शिवाय कोणतीही कोंबडी रोज अंडे देत नाही. एक अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे घालण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एक दिवस रिकामा जातो. दहा कोंबड्यांकडून सहा-सात अंडी हे आपले मेमधील प्रमाण उत्तम होते. ते दोनवर येणे मात्र नैसर्गिक नाही.

आता चिकूच्या झाडाविषयी. कोंबडीला अंधार पडू लागला की जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून ती ओळखीच्या जागी परतते. ही तिच्या स्वभावातील फार पक्की गोष्ट आहे. जी कोंबडी तीन वर्षांची सवय मोडून कोरडी जागा टाळते आणि पावसात भिजणे पत्करते, तिला आत रात्री काहीतरी छळते आहे. साप असता तर एव्हाना पक्षी कमी झाले असते. मला दाट शंका आहे ती रेड माइटची. हे कीटक नव्हेत, गोचिडांच्या जातीचे आठ पायांचे बारीक जीव आहेत. ते कोंबडीच्या अंगावर राहत नाहीत. दिवसभर दांड्यांच्या खाचांत, बांबूच्या पोकळीत आणि ताटव्यांच्या जोडांत लपून असतात, आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी उचलून पिसांत पाहिले तर काही दिसत नाही आणि पाळणाऱ्याची दिशाभूल होते. उबदार आणि दमट हवेत त्यांची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. आपल्या जूनपेक्षा त्यांना अधिक मानवणारी हवा सापडणे कठीण.

दोन गोष्टी कराव्यात. उद्या उजेडात कोंबड्यांचे तुरे पाहावेत. ते लाल आहेत की फिक्कट गुलाबी, ते कळवावे. आणि रात्री दहानंतर पांढरे फडके घेऊन खुराड्यात जावे, दांडीच्या खालच्या बाजूने ते दाबून ओढावे आणि विजेरीच्या उजेडात पाहावे.

परसातली | ५ जुलै, सकाळी ७.०५

डॉक्टर, आपले निदान अचूक ठरले, आणि ते सांगताना आताही माझ्या हातांना खाज सुटते आहे.

तुरे पाहिले. रोज पाहत असल्यामुळेच बहुधा लक्षात आले नव्हते, पण शेजारच्या घरातील कोंबडी कुंपणाशी आली तेव्हा तिच्या शेजारी आमच्या कोंबड्या उकडलेल्या कोळंबीसारख्या फिक्कट दिसल्या. रात्री सव्वादहाला सुनेला विजेरी धरायला सांगून सासूबाईंच्या जुन्या पांढऱ्या पातळाचा तुकडा दांडीखालून ओढला. बाहेर काढला तर त्यावर तांबड्या रेघा उमटल्या होत्या, कुंकवाचे बोट पुसावे तशा. आधी वाटले की कुणाला जखम झाली असावी. मग त्या रेघांच्या कडेचे ठिपके चालू लागले. दांडीच्या टोकाशी, जिथे बांबू ताटव्यात खोचला आहे तिथे, राखेसारखा एक थर दिसत होता. सुनेने त्यावर फुंकर मारली तर तो थर हलला आणि पांगला. हीच राख मी महिनाभर झाडूने लोटत होते. कोंबड्या झोपलेल्या नव्हत्या. एकेक पाय उचलत आणि मान पंखाखाली खुपसत नुसत्या उभ्या होत्या.

सून आता त्यांना विकण्याविषयी बोलत नाही. काल रात्री अंघोळ करताना ती म्हणाली की आपल्याला पाच मिनिटांत असे झाले, तर त्या रोज रात्रभर कशा राहत असतील.

आता काय करावे?

कुळागरकर | ५ जुलै, सकाळी ७.५०

दिवसाच्या लांबीविषयी माझे चुकले, डॉक्टर. शाळेत शिकलो होतो ते विसरलो. ताई, निरगुडीचे डहाळे दांड्यांना बांधा आणि टोपल्यांत घाला. आमच्या आजीपासून चालत आलेले आहे. आणि चुलीतील राख खुराड्यात भरपूर टाका.

रात्रपाळी | ५ जुलै, सकाळी ९.३०

कृपया काहीही फवारण्याआधी विचारून घ्या. चार वर्षांपूर्वी मला हाच त्रास झाला होता. जवळच्या एका दुकानदाराने भाजीवर मारायची पावडर काढून दिली आणि सांगितले की कोंबड्यांच्या अंगावर शिंपडा, एका दिवसात साफ होईल. मी शिंपडली. संध्याकाळपर्यंत तीन कोंबड्या मान टाकून पडल्या, चौथीला आचके येत होते. त्या पावडरीच्या पुडीवर कोंबडीचे चित्र नव्हते, वांग्याचे होते. ते पाहूनही मी हात थांबवला नाही, याचा राग अजून माझा मलाच येतो.

निवृत्त_पशुवैद्य | ५ जुलै, दुपारी ३.२०

रात्रपाळी यांचा अनुभव सर्वांनी लक्षात ठेवावा.

ताई, उपचार कोंबडीचा नव्हे तर खुराड्याचा करायचा आहे. काम सकाळी, पक्षी बाहेर असताना करावे. सर्व दांड्या उपसून काढाव्यात. बांबूच्या दांड्या पुन्हा वापरू नयेत, कारण त्यांची पोकळी साफ करता येत नाही; त्या जाळून टाकाव्यात. त्याऐवजी दीड-दोन इंच जाडीचे, साल काढून गुळगुळीत केलेले भरीव लाकूड घ्यावे, आणि ते भिंतीत खोचण्याऐवजी उचलून बाहेर काढता येईल असे खाचेत ठेवावे. जुना भुसा आणि टोपल्यांतील गवतही जाळावे. चिऱ्यांचे सांधे, दाराची चौकट आणि ताटव्यांचे जोड यांत उकळते पाणी ओतावे. वाळल्यावर संपूर्ण आतून दाट चुना मारावा, आणि सांध्यांत कुंचला कोंबून मारावा. पक्ष्यांसाठी मान्य असलेले फवारणीचे औषध आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे, आणि ते वापरल्यावर किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही तिथेच विचारावे. उकळत्या पाण्यातून वाचलेली माइटची अंडी पुढे फुटतात, म्हणून सात दिवसांनी हे सगळे पुन्हा करणे आवश्यक आहे. पहिल्या वेळी सर्वजण उत्साहाने करतात; दुसऱ्या वेळी कंटाळा करतात आणि महिनाभराने पुन्हा मला फोन येतो.

राखेविषयी सांगायचे तर कोंबडी राखेत लोळते तेव्हा तिच्या अंगावर कायम राहणाऱ्या उवांवर तिचा उपयोग होतो, म्हणून कोरड्या राखेचा खड्डा छपराखाली अवश्य असावा. लाकडात लपलेल्या माइटला त्या राखेने काही होत नाही. निरगुडीला माझा विरोध नाही, मात्र तिच्यावर विसंबून राहू नये.

कुळागरकर | ५ जुलै, दुपारी ४.००

आजीच्या काळी खुराडी बांबूची नव्हती, हे आता आठवले. फणसाच्या फळ्यांची होती आणि दर पावसाळ्याआधी त्यांना चुना लागत असे. आम्ही निरगुडी लक्षात ठेवली आणि चुना विसरलो.

परसातली | ८ जुलै, रात्री ८.१५

कालचा आणि आजचा असे दोन्ही दिवस यात गेले. पावसाने दुपारी तासभर उघडीप दिली तेवढ्यात चुना मारून झाला. पाणी तापवण्यासाठी न्हाणीतील तांब्याचे भाण वापरायचे ठरवले. गॅसचा गिझर आल्यापासून पाच-सहा वर्षे त्याच्याखालची चूल कोणी पेटवलेली नाही. मुलाने चुलीच्या तोंडाशी लाकूड सरकवले आणि आतून जो आरडाओरडा झाला त्याने तो मागच्या मागे बसला. पंख झाडत, राखेने माखलेली आमची काळी ठिपक्यांची गावठी कोंबडी बाहेर पडली. तिच्यामागे जुन्या राखेच्या मऊ खळग्यात १३ अंडी होती.

तेरेखोलकाठ, आपलेही बरोबर होते. म्हणजे दहापैकी एकीने अंडी देणे थांबवलेच नव्हते, ती फक्त मला देत नव्हती. अंडी पाण्यात टाकून पाहिली. आठ तळाशी आडवी राहिली, तीन उभी राहिली आणि दोन वर तरंगली. तरंगलेली दोन लांब नेऊन पुरली.

ती चूल आम्ही पेटवली नाही. पाणी गॅसवर पातेल्यांनी तापवले आणि त्याला अर्धा दिवस अधिक लागला. कोंबडीला त्याचे काही सोयरसुतक नाही. ती आज पुन्हा तिथेच गेली होती.

दांड्या फणसाच्या केल्या. सुताराने मजुरी घेतली नाही, त्याऐवजी चतुर्थीनंतर एक कोंबडा ठरला आहे.

तेरेखोलकाठ | ८ जुलै, रात्री ९.००

चुलीची जागा तिला आवडली ती राख आणि अंधार यांमुळे. खुराड्यातील एका टोपलीत राख आणि वर गवत घाला, पुढे गोणपाटाचा पडदा सोडा आणि आत एक खोटे अंडे ठेवा. पांढरा गुळगुळीत दगडही चालतो.

आणि तुमची खुडूक रिकाम्या टोपलीत उगाच बसून आहे, तिला रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवा. ताज्या आठ अंड्यांत कोंबड्याच्या संगतीतील आणखी तीन ताजी मिळवा; अकरा अंडी तिच्या पंखाखाली सहज मावतील. मात्र माइटचे काम पुरते संपेपर्यंत तिला खुराड्यात बसवू नका. २१ दिवस जागेवरून न हलणाऱ्या कोंबडीला ते किडे वाळवून टाकतील.

परसातली | १० जुलै, रात्री ७.३०

बसवली. घरातील कोठीच्या खोलीत, जुन्या हाऱ्यात, खाली तूस आणि वर गवत घालून. सासूबाईंनी अंड्यांच्या मध्ये एक कोळसा आणि एक लाल मिरची ठेवली, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. मी काही बोलले नाही. दृष्टीवरून माइटवर त्या इतक्या लवकर आल्या आहेत, तेव्हा एवढे चालायचे.

सत्तरीचा_पाऊस | १० जुलै, रात्री ८.१०

आमच्याकडे कोळशाऐवजी लोखंडी खिळा ठेवतात. पिल्ले दोन्हीकडे सारखीच निघतात.

परसातली | १३ जुलै, सायंकाळी ५.५०

आज एक तलंग गेली. दुपारी तीनला, लख्ख उजेडात, स्वयंपाकघराच्या दारापासून वीस पावलांवर. मुंगसाने नेली. कोंबडा ओरडला तेव्हा मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत पाणंदीकडे गेलेली पिसांची एक ओळ तेवढी उरली होती. रात्रीसाठी दोन दिवस राबून सगळे बंद केले आणि दिवस उघडाच राहिला. नातवाने तिचे नाव ठेवले होते. नाव ठेवू नको म्हणून मी त्याला सांगितले होते आणि आता ते सांगितल्याचेच वाईट वाटते.

निवृत्त_पशुवैद्य | १३ जुलै, रात्री ८.००

वाईट झाले. मुंगूस जिथे एकदा यशस्वी होते तिथे दोन-तीन दिवस पुन्हा येते. आठवडाभर दुपारी पक्षी बंद ठेवावेत, आणि त्यांचे चरणे सकाळी व संध्याकाळी, घरातील कोणीतरी बाहेर असताना असावे. कुंपणालगतचे गवत आणि झुडपे हातभर मागेपर्यंत काढून टाकावीत. मुंगूस उघडी जागा ओलांडायला कचरते.

याच निमित्ताने विचारतो, आपल्या पक्ष्यांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेली आहे का? माइटने अशक्त झालेल्या कळपात हा रोग शिरला तर दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते, आणि त्यावर औषध नाही.

परसातली | १३ जुलै, रात्री ८.४५

ग्रामप्रिया पिल्ले घेतली तेव्हा त्यांना दिलेली होती. गावठींना कधीच दिलेली नाही. एकदा प्रयत्न केला होता. लसीची कुपी शंभर मात्रांची मिळते आणि माझे पक्षी बारा-तेरा. शिवाय ज्या दुकानातून ती घेतली तिथे त्यांनी ती उघड्या फळीवरून काढून दिली, आणि मी पर्समध्ये घालून दुपारच्या बसने घरी आणली. नंतर कळले की तिचा काही उपयोग झाला नसणार.

निवृत्त_पशुवैद्य | १३ जुलै, रात्री ९.३०

झालाच नसणार. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, म्हणजे दुकानात फ्रिजमध्ये आणि वाटेत बर्फात. कुपी फोडून द्रावणात मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणूनच हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. वाड्यावरील सर्व घरांचे पक्षी मोजावेत, एक सकाळ ठरवावी आणि एकाच कुपीत सर्वांचे उरकावे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा आणि आठव्या आठवड्यात मानमोडीच्याच आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो. मोठ्या पक्ष्यांचे काय करावे ते दवाखान्यातील डॉक्टर पक्षी पाहून सांगतील. आजारी किंवा फार अशक्त पक्ष्याला लस देऊ नये. त्यामुळे तुरे लाल होईपर्यंत आपण थांबावे.

परसातली | २० जुलै, सकाळी ६.३०

१५ तारखेला खुराड्याचे काम पुन्हा केले, कंटाळा न करता. काल रात्री फडके दांडीखालून ओढले, ते पांढरेच बाहेर आले. आता मी ते खुराड्याच्या दाराशीच खिळ्याला टांगून ठेवले आहे.

वहीतील आकडे: १६ तारखेला तीन, १७ ला तीन, १८ ला चार, काल पाच. काळी ठिपक्यांची राखेच्या टोपलीत येऊ लागली आहे, मात्र पडदा तिला मान्य नाही. तो तिने ओढून खाली पाडला. बहुतेकजणी अंधार पडताच आपणहून आत जातात. फक्त एक ग्रामप्रिया अजून चिकूवरच झोपते. तिला तीन वेळा उतरवून आत ठेवले, पण दार उघडताच ती परत तिथेच जाते. तिच्यापुरते मी आता हरले आहे.

सातव्या दिवशी विजेरीवर धरून अंडी पाहिली. अकरांपैकी नऊंत बारीक लाल शिरांचे जाळे दिसले, दोन स्वच्छ होती, ती काढली.

तेरेखोलकाठ | २० जुलै, सकाळी ७.१५

शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावू नका, आणि कोंबडी उठली नाही तर उठवू नका. पाण्याची वाटी मात्र तिच्या चोचीला पोचेल अशी ठेवा.

परसातली | १ ऑगस्ट, सकाळी ८.००

काल सकाळपासून रात्रीपर्यंत सात पिल्ले निघाली. आठव्याने टरफलाला भोक पाडले, पण ते बाहेर आले नाही. नववे शेवटपर्यंत गप्पच राहिले. सात जणांपैकी तीन काळी आहेत, म्हणजे चुलीतली अंडी उबली. खुडुकीने कोळसा लाथेने बाहेर टाकला होता, मिरची बहुधा खाल्ली.

पिल्लांना लेअर खाद्य द्यायचे नाही एवढे मला ठाऊक आहे, त्यातील चुन्याचे प्रमाण त्यांना झेपत नाही. म्हणून पिल्लांचे खाद्य वेगळे आणले आहे आणि नाचणीची कणी थोडी मिसळते.

लसीसाठी वाड्यावर घरोघरी विचारून आले. आमच्या सात पिल्लांसह पाच घरांत मिळून एकूण ५८ पक्षी झाले. ६ तारखेला गुरुवार आहे आणि त्या दिवशी सकाळी कुपी आणायची आहे. एका शेजारणीकडे मासळीचा थर्माकोलचा डबा आहे आणि बर्फ मी आदल्या रात्री करून ठेवीन. थेंब डोळ्यात टाकल्यावर पिल्लू किती वेळ धरून ठेवावे, तेवढे डॉक्टरांनी सांगावे.

निवृत्त_पशुवैद्य | १ ऑगस्ट, सकाळी १०.१०

थेंब डोळ्यात पसरून आत मुरेपर्यंत, म्हणजे पिल्लू एक-दोनदा डोळा मिटेपर्यंत. डबा आधी चांगला धुऊन घ्यावा. मासळीचा वास माझी काळजी नाही, पण मांजर तुमच्या मागे लागेल.